‘देसाई’, ‘सरदेसाई’ आणि सावंतवाडीचे राजे

सावंतवाडीच्या भोसले घराण्यातील पुरुषांचा उल्लेख जुन्या कागदांत ‘सरदेसाई’ असा येतो आणि पुढच्या कागदांत ‘राजेबहाद्दर’ असा. मग हे घराणे मुळात वतनदारांचे की राजांचे, असा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर ‘देसाई’ या शब्दातील ‘देश’ नीट समजून घेतल्यावर सापडते.

आज देश म्हटले की राष्ट्र किंवा घाटावरचा मुलूख आठवतो. जुन्या महसुली भाषेत मात्र परगण्याएवढ्या, अनेक गावे मिळून झालेल्या टापूलाही देश म्हणत. कुडाळदेश हा तसाच एक टापू, आणि ‘कुडाळदेशकर’ या ज्ञातिनामात तो अर्थ आजही जिवंत आहे. गावाला जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख आणि देशपांडे. कोकणात, गोव्यात आणि कर्नाटकाच्या लगतच्या भागात देशमुखाच्या जागी देसाई हा शब्द रुळला. लागवड वाढवावी, वसुलीवर नजर ठेवावी, शिबंदी, म्हणजे पदरची शिपाईमाणसे, बाळगावी आणि त्याबद्दल हक्क व इनाम जमिनी वंशपरंपरेने उपभोगाव्यात, असे या वतनाचे स्वरूप होते. ‘सर’ हा फारसी शब्द, अर्थ शिर किंवा प्रमुख. तेव्हा देसायांचा जो प्रमुख तो सरदेसाई. चौथाईबरोबर जिचे नाव नेहमी येते ती सरदेशमुखी, म्हणजे वसुलाचा शेकडा १० हिस्सा, याच जातीच्या पदाचा हक्क होय.

कुडाळची देसगत, म्हणजे देसाईपणाचे वतन, आदिलशाहीत प्रभू घराण्याकडे होती आणि सावंतांनी ती बळाने मिळवली. पुढे लखम सावंतांनी शिवाजी महाराजांशी तह केला, तेव्हा त्यांना दक्षिण कोकणचे सरदेसाई म्हणून मान्यता मिळाली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्याच्या हाती गढी, माणसे आणि गावोगावचा वसूल आहे अशा माणसालाही आपला अधिकार सांगताना वतनाचे नाव पुढे करावेसे वाटत होते. पदवी सरकार बदलले की जाई. वतनावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या दावा सांगता येई.

‘राजेबहाद्दर’ हा किताब बराच नंतरचा आहे. तिसरे खेम सावंत (१७५५ ते १८०३) यांचा विवाह शिंदे घराण्यातील लक्ष्मीबाईंशी १७६३ मध्ये झाला आणि त्या सोयरिकीच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून तो मिळाला. त्यावरून करवीरकरांशी, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींशी, वैर वाढले आणि लढाया झाल्या. त्याच कारकिर्दीत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल, म्हणजे महसुली विभाग, पोर्तुगीजांकडे जाऊन त्यांच्या नव्या काबिजादींत, म्हणजे गोव्यातील नंतर जिंकलेल्या मुलखात, सामील झाले. पेडण्याच्या ‘देशप्रभू’ या आडनावातला देशही परगण्याचाच आहे.

‘सावंत’ हे ‘सामंत’चे रूप आहे. ग्राम-गाव, नाम-नाव या जोड्यांत मधल्या ‘म’चा ‘व’ झाला, तसाच तो येथेही झाला. सामंत म्हणजे मांडलिक. घराण्याचे कूळनाव भोसले, आणि पोर्तुगीज कागदांतही त्यांना ‘बोंसुलो’ असेच म्हटलेले आहे. गावाचे जुने नाव सुंदरवाडी. ते सावंतांच्या नावावरून सावंतवाडी झाले, तरी आसपासचा माणूस अजून ‘वाडीक जातंय’ एवढेच म्हणतो.

कागद वाचणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. खेम आणि फोंड ही नावे या घराण्यात पुन्हा पुन्हा येतात. ‘खेम सावंत सरदेसाई’ एवढाच उल्लेख असेल, तर आधी कागदाचे साल पाहावे: १७०९ पर्यंतचे दुसरे खेम सावंत शाहू महाराजांकडून आपले वतन पक्के करून घेणारे होते, आणि १७६३ नंतरचे तिसरे खेम सावंत सरदेसाई तर होतेच, शिवाय राजेबहाद्दरही होते.