मदत हवी आहे: पुण्यात लेकीसाठी कॉलेजचं हॉस्टेल की प्रायव्हेट? गुरुवारपर्यंत ठरवायचंय

अबोली_बार्शी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची ही दुसरीच वेळ, पहिल्यांदा चकलीची भाजणी बिघडली तेव्हा लिहिलं होतं आणि पाऊण तासात उत्तर आलेलं, म्हणून आताही तुमच्याकडेच आले.

लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही बार्शीचे, मी झेडपी शाळेत शिक्षिका, ह्यांचं हार्डवेअरचं दुकान. पुण्यात नणंद आहे पण हडपसरला वन बीएचके, त्यात त्यांचीच चार माणसं, तिथे ठेवायचा विषयच नाही.

तर झालंय असं की कॉलेजच्या हॉस्टेलच्या पहिल्या यादीत तिचं नाव लागलं. एका खोलीत तिघी, बाथरूम मजल्यावर कॉमन, वर्षाचे ४२,००० एकरकमी, मेस कंपल्सरी महिना ३,८००, डिपॉझिट ५,०००, रात्री नऊला गेट बंद. खोलीतून वर्गात पाच मिनिटांत पोचते. गुरुवारी पाचपर्यंत पैसे भरले नाहीत तर सीट वेटिंगवाल्या मुलीला जाणार.

आणि लेकीला हवंय प्रायव्हेट. पौड रोडला आनंदनगर मेट्रोपासून सात मिनिटं चालत, आम्ही बघून आलो, दिसायला छानच आहे, खोटं कशाला बोलू. तिथेही तिघीच, पण बाथरूम आतच, वायफाय, वॉशिंग मशीन, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून महिना १३,५००. एसीचं लाइटबिल मीटरप्रमाणे वेगळं, डिपॉझिट दोन महिन्यांचं त्यातला एक महिना मेंटेनन्स म्हणून कापणार, अकरा महिन्यांचा लॉक-इन, वर जीएसटी १२ टक्के एक्स्ट्रा म्हणाला, आणि बुकिंगला १०,००० टोकन जे परत मिळणार नाही. गेट साडेदहाला. तिच्या दोन मैत्रिणी तिथेच जातायत.

मी हिशोब केला. हॉस्टेल मेससकट दहा महिन्यांचे ८०,००० होतात. प्रायव्हेटचे अकरा महिन्यांचे १,४८,५०० आणि कापलेला महिना धरून १,६२,०००, त्यात जीएसटी, लाइट, मेट्रो धरलेलंच नाही. म्हणजे दुपटीच्या वर. हे म्हणतात पैशाचं मी बघतो तू तिला रडवू नको. माझं मन हॉस्टेलकडे आहे कारण माझे आजोबा कोल्हापूरला बोर्डिंगात राहून शिकले, शाहू महाराजांनी १९०१ पासून जी बोर्डिंगं काढली त्यातल्या एकात, आणि आमच्या घरात दोन पिढ्या त्या बोर्डिंगाच्या गोष्टी ऐकत जेवल्यात. पण ते आजोबांचं झालं. आजच्या मुलींना काय बरं पडतं? ज्यांची मुलं शिकतायत किंवा जे स्वतः राहिलेत त्यांनी प्लीज सांगा.

तिखटमीठ

पहिलं वर्ष हॉस्टेल. विषय संपला.

मुळशीकर

आधी एक सांगा, सीट फ्रीझ केलीये, म्हणजे हेच कॉलेज पक्कं, की पुढच्या राउंडला आणखी चांगलं मिळेल म्हणून बेटरमेंटला ठेवलीये? बेटरमेंटला असेल तर कुठलंच टोकन भरू नका. माझ्या भाच्याचे असेच १५,००० गेले, पुढच्या राउंडला पिंपरीकडचं कॉलेज लागलं आणि बुकिंग होतं कात्रजला.

अबोली_बार्शी

फ्रीझ केली आणि फीसुद्धा भरली. कॉलेज हेच.

नाना_पेठेतला

आमच्या सोसायटीत तीन फ्लॅट कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक कॉट भाड्याने दिलेले, आहेत आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे दोन्ही बाजूंची रड रोज ऐकतो. ताई, तुमचं प्रायव्हेटवालं जे आहे त्यात मला दोन ठिकाणी खटकलं.

एक म्हणजे जीएसटी. जून २०२४ ला जीएसटी कौन्सिलची ५३ वी मीटिंग झाली त्यात ठरलं की कॉलेजच्या बाहेरच्या हॉस्टेललासुद्धा, माणशी महिना २०,००० पर्यंत भाडं असेल आणि सलग ९० दिवस राहणार असाल, तर राहण्यावर जीएसटी नाही. तुमचं १३,५०० आणि अकरा महिने. मग हा १२ टक्के कशाचे घेतो? त्याला सरळ विचारा, आणि घेणारच असेल तर जीएसटी नंबरवाली पक्की पावती मागा. नव्वद टक्के वेळा पावती म्हटलं की टक्के गायब होतात.

दुसरं, लॉक-इन आहे म्हणता तर करार कुठाय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची असते. ही हॉस्टेलवाली मंडळी एक छापील फॉर्म पुढे करतात, त्यात त्यांचे हक्क बारा कलमांत आणि तुमचे अर्ध्या ओळीत. 'नियम बदलण्याचा अधिकार मॅनेजमेंटकडे राहील' असं एक वाक्य हमखास असतं. मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागणार का, डिपॉझिट किती दिवसांत देणार, जेवण आवडलं नाही तर डब्याचे पैसे कमी होतात का, हे सगळं कागदावर आणा. तोंडी गोष्टी सगळेच गोड बोलतात.

हॉस्टेल वाईट असं मी म्हणत नाहीये, मी फक्त दुसऱ्या बाजूचा कागद वाचून दाखवला.

सांजवात

तुम्हाला कदाचित लागू नसेल, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,०००, जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून. आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी सावित्रीबाई फुले आधार. आणि महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असतो तोही बघा. पैसे उशिरा येतात, पण येतात. शिवाय पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, अच्युतराव आपट्यांनी १९५५ ला सुरू केलेली, खेड्यातल्या गरजू मुलामुलींना ठेवून घेतात, कामंही वाटून करायला लावतात. माझा दीर तिथे राहून शिकला, अजून कुणाच्याही घरी गेला की आपलं ताट आपण घासतो, बायका अवघडतात.

जीटी_क्वीन

अबोली काकू, मी दोन वर्षं हॉस्टेल आणि दोन वर्षं मैत्रिणींबरोबर फ्लॅट असं करून पुण्यातूनच ईएनटीसी केलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे माझा :)

पहिल्या वर्षाला हॉस्टेलचा फायदा खोली किंवा मेसमध्ये नाहीये (मेसची पोळी गार झाली की तिचं काय होतं ते न लिहिलेलंच बरं, आणि सोलरचं गरम पाणी साडेसहाला संपतं). फायदा असा की वरच्या मजल्यावर सेकंड इयरच्या मुली असतात. ग्राफिक्सची शीट उद्या सबमिट करायचीये आणि तुला प्रोजेक्शन कळलेलं नाहीये, तर रात्री अकराला कुणीतरी समजावून सांगतं, आणि अगदीच वेळ नसेल तर काच आणि खाली बल्ब लावून जीटी मारायला, म्हणजे दुसऱ्याची शीट छापून काढायला, शिकवतं, नाव त्यावरूनच पडलं माझं. कुठल्या सरांच्या ओरलला काय विचारतात, एम थ्रीची (मॅथ्सचा तिसरा पेपर) कुठली युनिट सोडली तर चालतात, केटी लागली तर फॉर्म कधी भरायचा, हे पौड रोडच्या हॉस्टेलात कोण सांगणार, तिथे एक मुलगी फॅशनची, एक सीएची आणि एक नोकरीवाली असते. त्या चांगल्याच असतात, पण त्यांची परीक्षा वेगळ्या दिवशी असते ना.

वाईट काय, तर नऊचं गेट. मी नाटकात होते, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी कॉलेजात रात्री उशिरापर्यंत चालायच्या, आम्ही मुली पावणेनऊला निघायचो आणि मुलगे थांबायचे, मग दुसऱ्या दिवशी आम्हाला कळायचं की काल रात्री आमचा सीन बदलला. मुलांच्या हॉस्टेलला गेट होतं, वेळ नव्हती. दिल्लीत २०१५ ला मुलींनी ह्याच्यावरून पिंजरा तोड आंदोलन केलं, आम्ही नुसते अर्ज केले. त्यामुळे थर्ड इयरला मी बाहेर पडले, आणि तेव्हा बाहेर पडणं बरोबर होतं. तोपर्यंत कुणाबरोबर राहायचं ते कळलेलं असतं.

अजून एक, सुट्टीत हॉस्टेल खाली करायला लावतात, ट्रंक कुठे ठेवायची हा दरवर्षीचा प्रश्न. हडपसरची आत्या तेवढ्याला कामी येईल.

पण काकू, तुम्ही सगळं लिहिलंत, लेक हॉस्टेलला नाही का म्हणतेय ते लिहिलंच नाही. मैत्रिणी आणि एसी एवढंच आहे का? विचारलंत का तिला?

अबोली_बार्शी

हे वाचून काल रात्री विचारलं. मी तर धरूनच चालले होते की मैत्रिणींचं आहे.

ती अकरावी-बारावीला लातूरला होती, क्लासच्या हॉस्टेलला. तेव्हा आम्हाला वाटलं केवढी छान शिस्त. पहाटे पाचला उठवायचे, मोबाईल रविवारी अर्धा तास, तोही ऑफिसात बसून, स्टडी अवरला मान वर केली की नाव लिहायचे, आणि आम्ही भेटायला गेलो तर गेटच्या अलीकडे बसून डबा खायचा. दोन वर्षं ती फोनवर "बरंय" एवढंच बोलायची. काल म्हणाली, आई मार्क पडले ना, मग आता परत गेट नको. मी उठून गॅसवर दूध बघायला गेले, दूध ठेवलेलंच नव्हतं.

आता मला हिशोबाचं काही सुचत नाहीये. परवा गुरुवार.

जीटी_क्वीन

काकू, लातूरचं हॉस्टेल आणि कॉलेजचं हॉस्टेल ह्यात नाव सोडलं तर काही सारखं नसतं. कॉलेजात कुणी उठवत नाही, उठवायला हवं होतं असं नंतर वाटतं! पण हे मी सांगून तिला पटणार नाही, तिने बघायला पाहिजे. उद्या दोघी या. संध्याकाळी सातनंतर जा, दुपारी फक्त वॉर्डन आणि फरशी दिसते. वॉर्डन मॅडमना भेटून घ्या आणि मग लेकीला वर मुलींकडे एकटीला पाठवा. तुम्ही जाऊ नका. तिने विचारायचं: आउटपास कसा मिळतो, उशीर झाला तर काय होतं, घरी फोन करतात का, मेस सोडून बाहेर खाल्लं तर चालतं का. आणि आजारी पडलं तर रात्री दवाखान्यात कोण नेतं, हे मुलींनाच विचारा.

मुळशीकर

+१. आणि सीनियर त्रास देतात का हेही विचारायला सांगा. यूजीसीची अँटी रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, कुठेही राहिली तरी.

तिखटमीठ

मी 'विषय संपला' लिहिलं होतं ते मागे घेतो. लातूरचं वाचलं नव्हतं. पण एक व्यवहाराचं बोलतो, हॉस्टेलची सीट सोडली की परत मिळणं अवघड, प्रायव्हेट कॉट पुण्यात ऑक्टोबरमध्येही मिळते आणि जानेवारीतही, उलट तेव्हा घासाघीस करता येते. जे परत मिळत नाही ते आधी धरा.

नाना_पेठेतला

तिखटमीठ ह्यांच्याशी आयुष्यात प्रथमच सहमत. फक्त हॉस्टेल मधेच सोडलं तर ४२,००० पैकी किती परत, ते ऑफिसात लेखी विचारा. बहुतेक काही नाही म्हणतील, पण माहीत असलेलं बरं.

अबोली_बार्शी

अपडेट. पहाटेच्या एसटीने गेलो, पाच तास, दिवसभर नणंदेकडे आणि साडेसातला हॉस्टेल. वॉर्डन मॅडम आधी मलाच ओरडल्या की व्हिजिटरची वेळ संपली, मग बार्शीहून आलो म्हटल्यावर चहा दिला. लेक वर गेली ती पन्नास मिनिटं आलीच नाही. मी खाली बाकावर बसून नोटीस बोर्ड तीनदा वाचला, एक हरवलेल्या बादलीची नोटीस होती, लाल बादली, वर्णनासकट.

खाली आली तेव्हा एक सेकंड इयरची मुलगी सोडायला आली होती, ती निघाली लातूरचीच, त्याच क्लासची, दोन बॅच आधीची. दोघींनी तिथल्या एका सरांची नक्कल करून दाखवली मला तिथेच पॅसेजमध्ये, आणि ही हसत होती. आउटपास ॲपवर मिळतो, नऊनंतर आलं तर रजिस्टरला सही आणि कारण, महिन्यात तीनपेक्षा जास्त झालं तर घरी फोन. खोलीत किटली चालत नाही पण किटली आहे. दवाखान्याला रात्री वॉचमन रिक्षा आणतो आणि एक मुलगी सोबत जाते, मॅडम मागून येतात. पैसे मधेच परत मिळत नाहीत, नाना, बरोबर ओळखलंत.

पौड रोडवाल्याला फोन करून जीएसटीचं विचारलं तर म्हणाला मॅडम तुमच्यासाठी नाही लावत. म्हणजे दुसऱ्यांना लावतो. टोकन भरलं नाही.

रात्री नणंदेकडे अंथरुणात पडल्यावर लेक म्हणाली, दिवाळीपर्यंत राहून बघते, नाही जमलं तर मी निघणार आणि तू पैशाचं एक अक्षर बोलायचं नाहीस. मी हो म्हटलं. ह्यांना अजून सांगायचंय. आज सकाळी ४२,००० भरले. एक मैत्रीण रुसलीये, तिच्या खोलीत आता अनोळखी मुलगी येणार.

सगळ्यांचे खूप आभार, जीटी_क्वीन तुला बार्शीला आलीस की जेवायला यायचंच आहे. आता शेवटचं विचारते, गादी इथून करून न्यावी की पुण्यात घ्यावी? आमच्या पिंजाऱ्याकडे कापूस चांगला आहे.

जीटी_क्वीन

बार्शीहूनच न्या काकू, पण आधी कॉटचं माप मागवा. आमच्या कॉट अडीच फुटी होत्या, माझ्या आईने साडेतीनची गादी पाठवली होती, मी दोन वर्षं भिंतीला लागून दुमडलेल्या बाजूवर झोपले.