मदत हवी आहे: स्लीव्हनंतर भाकरी जातच नाही
जळगावहून लिहितेय. स्लीव्ह सर्जरीला (वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती) अडीच महिने झाले, १८ किलो उतरलेत. ताक, मुगाचं वरण, मऊ पनीर नीट जातं पण कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दुसऱ्या घासालाच छातीत अडकते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते न मग उलटीच. वरणात कुस्करून पाहिली, चावून चावून पार पीठ केलं, पाणीही जेवणानंतर अर्ध्या तासानेच पिते. डायटिशियनने रोज ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, माझं जेमतेम ४० होतं, घरात अंडं चालत नाही आणि पावडरच्या वासानेच मळमळतं (सासूबाईंचं वेगळंच, चिमणीएवढं खाऊन कसं व्हायचं म्हणे). व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांना सोमवारी दाखवणारच आहे. तुम्हाला भाकरी कितव्या महिन्यात जमली, आणि शाकाहारी लोक ६० ग्रॅम कशातून भरून काढता?