सायकल फेरीनंतर उघड्यावर माहितीपट दाखवायचा आहे, वेळ व मार्ग कसा ठरवावा?

सुकीकाठ:
नमस्कार. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-चिनावल परिसरातील आम्ही काही मंडळी जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सायकल फेरी काढणार आहोत आणि ती संपल्यावर शाळेच्या मैदानावर यावल-रावेर पट्ट्यातील भूजलाविषयी गावातल्याच मुलांनी तयार केलेला पंचेचाळीस मिनिटांचा माहितीपट दाखवणार आहोत. दुपारी चारला निघून अठरा किलोमीटर फिरावे, असा विचार आहे. साठेक जण येतील. त्यात शाळकरी मुले आहेत आणि साठी ओलांडलेले केळी बागायतदारही आहेत. थकलेली मुले पडद्यासमोर पेंगतील, ही एक काळजी, आणि कार्यक्रम संपल्यावर अंधारात सगळ्यांना सुखरूप घरी कसे पोहोचवावे, ही दुसरी. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बागायतदार_रावेर:
भाऊ, अठराऐवजी दहा-बारा किलोमीटरच ठेवा आणि वाचलेला वेळ दोन विहिरींवर द्या. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा, वाळूचा जो थर आहे, ज्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात, त्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते; म्हणूनच आपल्याकडे केळी उभी राहिली, आणि मुरते त्याहून अधिक उपसा होऊ लागल्याने पाणी खोल गेले. हे पडद्यावर सांगून जितके पटेल, त्याहून विहिरीत डोकावून अधिक पटेल. माझ्या वडिलांच्या विहिरीत दगडी बांधकामावर जुन्या पाणीपातळीच्या पांढुरक्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या आहेत. सर्वांत वरच्या रेघेपाशी मी लहानपणी पोहायला शिकलो, आज तिथून वाकून पाहिले तरी पाणी दिसत नाही. मुलांना तिथे दहा मिनिटे उभे करा. मात्र कठडा नसलेल्या विहिरीपाशी मुळीच नेऊ नका.

पडदेवाला_अमळनेर:
बागायतदार आप्पांचे म्हणणे योग्य आहे. मी प्रक्षेपणाविषयी लिहितो. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तरी चित्र नीट दिसायला पावणेसात होतात. त्याआधी सुरू केल्यास पडदा फिकट दिसतो. आमच्या एका कार्यक्रमात आम्ही पांढरी चादर खालच्या दोन्ही कोपऱ्यांना करकचून बांधली होती. वारा सुटताच ती शिडासारखी फुगली, वरची दोरी तुटली आणि माहितीपटाचा शेवट आम्ही शाळेच्या भिंतीवर दाखवला. त्यामुळे चुन्याने रंगवलेली भिंत मिळाली तर तीच घ्यावी. जनित्राचा आवाज संवाद गिळतो, म्हणून इन्व्हर्टर वापरा: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी निम्मी वापरली तरी प्रोजेक्टर व ध्वनिक्षेपक मिळून ४०० वॉटचा भार पावणेदोन तास सहज चालतो. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी आधी घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर तो लावता येत नाही. सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राची अटही लागू होते, तेव्हा त्याची चौकशी आजच करा.

माहेर_फैजपूर:
दादा, मला परतीची चिंता अधिक वाटते. हंगामात केळीने भरलेले ट्रक व ट्रॅक्टर संध्याकाळनंतरही रस्त्यावर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. मुलांना सायकलने परत पाठवूच नका; सायकली रात्रभर शाळेच्या आवारात कुलूपबंद ठेवा आणि पालकांना मैदानावरच बोलवा. त्यांनीही माहितीपट पाहावा, हे तर आपल्याला हवेच आहे. ज्यांना सायकलनेच जायचे आहे, त्यांचा एकच जथा करा, पुढे व मागे दिवा असलेली अनुभवी माणसे ठेवा. पेंगण्याचे म्हणाल, तर फेरीनंतर लगेच गरम भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी द्या, मुले टवटवीत होतात. भरिताची वांगी भाजायला काड्या आणि दोन माणसे मात्र दुपारीच बसवावी लागतील.

सुकीकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. फेरी अकरा किलोमीटरची केली असून साडेतीनला निघू. आप्पा, आपली विहीर मार्गात येत असेल तर पहिला थांबा तिथेच ठेवू. कठड्याचे आणि वाटेचे पाहण्यासाठी रविवारी सकाळी येऊ का? ताई, पालकांना निरोप आजच धाडतो. शाळेच्या पश्चिमेकडील भिंतीला चुना लावायचे कामही उद्या सुरू होईल.