जिवाचा नांगर: दुःखात आशा कशी टिकली, याचे अनुभव

कोर्लईकर
काल संध्याकाळी बंदरावर धोक्याचा बावटा चढला, माडांतून वारा घुमू लागला आणि मन थेट ३ जून २०२० च्या दुपारी जाऊन पोचले. निसर्ग चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने आले तेव्हा घरावरची कौले गेलीच, शिवाय वडिलांनी लावलेली सुपारीची वाडीही काही तासांत आडवी झाली. वडील जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. टाळेबंदीमुळे चर्च बंद होते, म्हणून १२ एप्रिलचा ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सणही आम्ही घरातच मेणबत्ती लावून केला होता. वादळाच्या रात्री ताडपत्रीखाली बसून आईने बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील सहाव्या अध्यायाचे १९वे वचन वाचले. त्यात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. आमचे काहीही जागेवर राहिले नव्हते, त्यामुळे मला त्या वचनाचा रागच आला. तो जायला बराच काळ लागला. दुःखात ख्रिस्ती श्रद्धेने आपल्याला धरून ठेवले असेल, किंवा ठेवले नसेल, तरीही कृपया लिहावे.

वसईची लेक
आईच्या कर्करोगाच्या दुसऱ्या वर्षी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘देवाची इच्छा’ एवढेच म्हणून जात असे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या हद्दीतील) फादर आले, काही न बोलता बराच वेळ बसले आणि मग त्यांनी बायबलमधील ८८वे स्तोत्र वाचले. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपते. आईने कूस बदलली आणि म्हणाली, “पुन्हा वाचा.” चार महिन्यांनी ती गेली, त्यामुळे ती बरी झाली असे मला सांगता येणार नाही, परंतु वर्षभर थांबलेली तिची प्रार्थना त्या दिवशी तक्रारीने का होईना, पुन्हा सुरू झाली. वधस्तंभावरून येशूने ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस’ अशी हाक मारली, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, हे मला तेव्हा समजले.

दापोलीहून
मुलांची शाळा सुटण्याची वेळ झाली आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. बाप्तिस्म्यानंतर माहेरचे दार मला अकरा वर्षे बंद होते. आमच्याच तालुक्यातील करजगावी जन्मलेले कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षे दुरावले, पण पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, ही गोष्ट मी त्या काळात स्वतःला किती वेळा सांगितली असेल! गेल्या दिवाळीत भाऊ फराळाचा डबा घेऊन आला.

हर्णैकर
मी ख्रिस्ती नाही, परंतु आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी चालते, म्हणून नांगराविषयी लिहितो. नांगर टाकला म्हणून लाट थांबत नाही; होडी वरखाली होतच राहते, फक्त वाहून जात नाही. वारा वाढला की नवखा माणूस घाबरून दोर आखडतो आणि त्यामुळेच नांगर उपटला जातो. अशा वेळी दोर अधिक सोडावा लागतो. कोर्लईकर, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा.

वेंगुर्ल्याची परिचारिका
२०२१ मध्ये ईस्टर ४ एप्रिलला होता आणि आदल्या रात्री मी कोविड कक्षात होते. पवित्र शनिवारी चर्चमध्ये दिवसभर मिस्सा (मुख्य उपासना) नसते, येशू कबरेत असतो. आम्ही तो दिवस सहसा सणाच्या तयारीत घालवून टाकतो. त्या रात्री मात्र तो मला पुरता भोगावा लागला. पहाटे एका आजोबांनी प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून विचारले, “आज रविवार ना?” मी हो म्हटले. एवढेच सांगायचे होते, ड्युटीवर जायचे आहे.

कोर्लईकर
सर्वांचे लिखाण आईला वाचून दाखवले. ८८व्या स्तोत्रापाशी तिने मला थांबवले आणि बायबल मागून घेतले. २०२० च्या पावसाळ्यात आम्ही सुपारीची ४० रोपे लावली होती, त्यांपैकी २७ जगली आहेत. हर्णैकर, आईचा एक प्रश्न आहे: वादळात दोर सोडायचा तो किती?

हर्णैकर
पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट, आणि वारा चढतच गेला तर होडीत असेल तेवढा.