वेताच्या विणीची बैठक सैल का पडते, आणि वेत म्हणजे बांबूच का?

जिज्ञासू
माझ्याकडे वेताच्या विणीची एक जुनी खुर्ची आहे. तिची बैठक मध्यभागी खोलगट झाली असून कडेच्या दोन-तीन पट्ट्या चिरल्या आहेत. वेताचाच असलेला सांगाडा मात्र भक्कम आहे. जो वेत हवा तसा वाकतो, त्याच्याच पट्ट्या अशा कडकडून का तुटाव्यात? वेत हा बांबूचाच प्रकार आहे, असे मी ऐकत आलो आहे. ते खरे आहे का? आणि सगळी बैठक नव्याने न विणता ती ताणून घेता येते का?

पानोपानी
वेत बांबू नव्हे. बांबू गवताच्या कुळातला आहे, तर वेत ताड-माडांचा भाऊबंद आहे. वेताच्या सुमारे ६०० जाती असून त्यांतील बहुसंख्य ‘कॅलॅमस’ या प्रजातीत मोडतात. दक्षिण व आग्नेय आशियातील दमट जंगले हे त्यांचे मुख्य घर. काही जाती आफ्रिकेतही आहेत. वेत झाडाला विळखा घालत नाही, तर पानांच्या टोकांशी किंवा पर्णतळांपासून निघालेल्या, आकड्यांसारख्या काट्यांनी भरलेल्या लांब चाबकांच्या आधाराने वर चढतो, आणि काही जातींचे खोड १०० मीटरहून अधिक लांब होते. एकदल वनस्पती असल्याने हे खोड वयाबरोबर जाड होत जात नाही. म्हणूनच लांबच लांब वेत जवळजवळ एकाच जाडीचा मिळतो, आणि विणणाऱ्याला त्याचे मोल वाटते ते नेमके यासाठी. बांबूची पेरे आतून पोकळ असतात, वेत मात्र भरीव असतो.

रंधा
वरील माहितीत कारागिराच्या बाजूने थोडी भर घालतो. वेत एक दिसला तरी कामाच्या दृष्टीने त्यात दोन वस्तू असतात. बाहेरची साल दाट तंतूंची, सिलिकामुळे चकचकीत आणि चिवट असते. बैठकीच्या पट्ट्या तिच्याच काढतात. आतला गाभा सच्छिद्र असतो आणि टोपल्यांसाठी वापरला जातो. सांगाड्यासाठी जाड वेत अखंड घेतात आणि वाफेवर मऊ करून वाकवतात. थंड झाल्यावर तो दिलेला आकार धरून ठेवतो. आपला सांगाडा टिकला, पण पट्ट्या चिरल्या, यात म्हणूनच विसंगती नाही. वर्षानुवर्षे कोरड्या हवेत राहिलेली पातळ पट्टी ठिसूळ होते, आणि बैठकीच्या कडेवर तिला सतत एकाच जागी वाकावे लागते.

आता उपाय. खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूला कोमट पाण्यात भिजवलेले फडके अर्धा-एक तास ठेवावे. वरची चकचकीत बाजू पाणी फारसे घेत नाही, खालची घेते. नंतर खुर्ची सावलीत पूर्ण सुकू द्यावी आणि तोवर तिच्यावर कोणीही बसू नये. सुकताना वीण आकसते व खोलगटपणा बराच कमी होतो. चिरलेल्या पट्ट्या मात्र यामुळे सांधल्या जाणार नाहीत. त्या बदलाव्याच लागतील. बैठकीच्या चौकटीला भोवती भोके असतील, तर वीण हाताची आहे आणि सुट्या पट्ट्या बदलता येतात. भोकांऐवजी सलग खाच असेल, तर ती तयार विणलेली जाळी आहे, आणि मग पूर्ण जाळीच बदलणे सोयीचे.

पानोपानी
एक सावधगिरी: हल्ली वेतासारखी दिसणारी प्लॅस्टिकची वीणही सर्रास असते, आणि तिला पाण्याचा काही उपयोग नाही. दुरुस्तीची तसदी मात्र घ्यावी असे मला वाटते. जाड सांगाड्यांसाठी नावाजलेला कॅलॅमस मनान हा एकखोडी असल्याने तोडल्यावर पुन्हा फुटत नाही. कॅलॅमस सीझियससारखा पातळ वेत बेटाने वाढतो, त्यामुळे त्याची तोड पुनःपुन्हा घेता येते.

जिज्ञासू
दोघांचेही आभार. खालून पाहिले, तर पट्ट्या मातकट व तंतुमय आहेत आणि चौकटीला भोके आहेत; म्हणजे वेतही खरा आणि वीणही हाताची. आज फडके ठेवतो. चिरलेल्या पट्ट्या बैठक सुकल्यावरच बदलीन.