हिंजवडीसाठी वाकड की माण?
बहिणीला पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ मध्ये नोकरी लागली आहे, तर तिच्यासाठी भाड्याची जागा वाकडला बघू की माणला, असं तुम्ही विचारलंय. मी वाकड म्हणेन. माणहून ऑफिस जवळ पडेल हे खरं, पण तिथल्या काही गल्ल्यांत रात्री अगदी शुकशुकाट असतो. वाकडला राहिलं तर भूमकर चौकातली कोंडी रोज सोसावी लागेल, तरी उशिरापर्यंत दुकानं उघडी, माणसांची वर्दळ.

जागेसाठी टोकनची रक्कम देण्याआधी तिला घेऊन रात्री दहाला बसथांब्यापासून इमारतीपर्यंत चालत जा. मी गेले तेव्हा कळलं, दिवसा छान वाटलेल्या रस्त्यावरचे शेवटचे दोन दिवे बंदच होते. ती जागा सोडली. वॉचमनशीही बोला, रात्री गेटवर कोण असतं ते विचारा. आणि ११ महिन्यांचा भाडेकरार नोंदणी करूनच घ्या.