फाडफाड इंग्रजीचं काय घेऊन बसलात

कुणीतरी लिहिलंय की इंग्रजी फाडफाड आलं की नोकरी पक्की, ते मला नाही पटत. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, मुलगा इंटरव्ह्यूला आला की आधी हातात व्हर्नियर (जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, देतो. बहुतेक जण माप सांगून मोकळे होतात, पण परवा एका आयटीआयवाल्याने आधी जबडे पुसले, मिटवून झीरो एरर, म्हणजे काटा शून्यावर येतो का ते, बघितलं, तीन ठिकाणी मोजलं आणि एका टोकाला 0.04 मिमी जास्त येतंय, ऑपरेटरला सांगू का, असं गुजराती-हिंदी मिसळून विचारलं. लगेच घेतला त्याला.

असा हात अप्रेंटिसशिपमध्ये, म्हणजे कारखान्यात काम करत शिकताना, बसतो, आणि 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे तिथे स्टायपेंडही मिळतो, त्यामुळे इंग्रजीच्या क्लासला पैसे भरण्याआधी तिकडे अर्ज टाका.